दात आवळून सोसू नकोस

तू लिहितेस, ‘ताई, नवरा जवळ आला की माझं अंग दगड होतं. श्वास रोखून पडून राहते. त्याला वाटतं, तो मला आवडत नाही.’ आणि खाली, ‘दोन वर्षं झाली, आता सवय व्हायला हवी होती.’

कुणी सांगितलं तुला हे? संभोगात दुखण्याची सवय होत नसते गं. एकदा दुखलं की शरीर ते लक्षात ठेवतं. पुढच्या वेळी योनीभोवतीचे स्नायू आधीच आवळले जातात, मग आणखी दुखतं, आणि भीती वाढते. डोळ्यासमोर काही आलं की पापणी मिटते ना, तसंच हे. तुझी मर्जी त्यात येतच नाही. याला व्हजायनिस्मस म्हणतात, आणि यावर उपचार आहेत.

माझ्या धाकट्या बहिणीने हेच फोनवर सांगितलं, तेव्हा मी ‘होईल हळूहळू’ म्हणाले. पुढची तीन वर्षं तिने पांघरुणाचा कोपरा मुठीत धरून काढली. ते मला अजून टोचतं, म्हणून तुला रागावते आहे. इतके दिवस गप्प का बसलीस?

आधी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. जंतुसंसर्ग, एंडोमेट्रिऑसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं), कोरडेपणा यांनीही दुखतं. परक्या भाषेत हे बोलवत नसेल तर चार ओळी लिहून ने, दुभाषा माग. नवऱ्याला दुभाषा करू नकोस. तपासताना कधीही ‘थांबा’ म्हण. मग पेल्व्हिक फ्लोअरची, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची फिजिओथेरपी. बहीण आधी नुसतं स्नायू सैल सोडायला शिकली. डायलेटर, म्हणजे योनीत घालायच्या लहान-मोठ्या गुळगुळीत कांड्या, नंतर आले, सगळ्यात लहानापासून, तिच्याच हाताने.

तोवर संभोग बंद, दोघांनी मिळून ठरवून. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकी लैंगिकता-संशोधकांनी १९७० साली मांडलेली पद्धत अजून वापरतात: आधी फक्त पाठ, हात, केस, स्पर्श पुढे कुठे न्यायचाच नाही. हे उत्तर नवऱ्याला वाचायला दे. त्याला तू आवडेनाशी झाली नाहीस, तोही तुला नाही, हे त्याला कळायला हवं. ‘नको’ म्हटल्यावरही जबरदस्ती होत असेल, तर ती गोष्ट वेगळी. ती डॉक्टरला एकटीने सांग.

सासूबाईंच्या ‘गोड बातमी’च्या चौकशीला त्यांच्या मुलाने उत्तर द्यावं.

अपॉइंटमेंट याच आठवड्यात घे, आणि तारीख मला कळव.