वाचक विचारतात : ५० बार राखले की झालं का?

प्रश्न : ताई, स्कूबा डायव्हिंगचा ओपन वॉटर हा सुरुवातीचा कोर्स झालाय, आता पहिल्यांदाच ३० मीटर खोल जाणारे. टँकमध्ये ५० बार (हवेचं प्रेशर) शिल्लक घेऊन बोटीवर यायचं असं शिकवलंय. मग खाली प्रेशरचं गेज ७०-८० दाखवत असेल तर अजून थोडं फिरलं तर काय बिघडतं? आणि माझी हवा बडीच्या, म्हणजे सोबतच्या डायव्हरच्या, आधी संपते, दरवेळी तेच सांगायला लाज वाटते.

उत्तर : बिघडतं, आणि बरंच बिघडतं. ५० हा बोटीवर चढतानाचा आकडा आहे, तळातून निघतानाचा नाही. हा घोळ इतक्या जणांचा होतो की आज आधी हिशोबच मांडते. राखीव हवा मुळात तुमच्या एकटीसाठी नसतेच, बडीची हवा अचानक बंद पडली आणि तो तुमच्या ऑक्टोपसवर, म्हणजे तुमच्या टँकच्या जादा माउथपीसवर, आला तर एका टँकवर दोघांना वर यायचंय, आणि तेव्हा दोघंही घाबरलेले, म्हणजे श्वास जोरजोरात चालणार.

३० मीटरला प्रेशर ४ बार, म्हणजे दर श्वासाला पाण्यावरच्यापेक्षा चौपट हवा जाते. घाबरलेल्या माणसाला पाण्यावर मिनिटाला ३० लिटर लागतात असं धरा, दोघांचे ६०. खाली गडबड निस्तरायला १ मिनिट, त्यातच २४० लिटर गेले. मग मिनिटाला १० मीटर अशा वेगानं ५ मीटरपर्यंत यायला अडीच मिनिटं, तिथे साधारण ४१०, तिथेच ३ मिनिटं थांबायच्या सेफ्टी स्टॉपला २७०, शेवटचे ५ मीटर धरून बेरीज साडेनऊशेच्या पुढे जाते. नेहमीचा अ‍ॅल्युमिनियमचा '८०' नावाचा टँक आतून साधारण ११ लिटरचा, म्हणजे दर बारला ११ लिटर हवा, तेव्हा ही बेरीज गेजवर जवळजवळ ९० बार. ५० बार म्हणजे फक्त साडेपाचशे लिटर, ते दोघांत १३-१४ मीटरवरच संपतात, सेफ्टी स्टॉप तर लांबच राहिला. हाच हिशोब १२ मीटरला केलात तर ५० च्या आत बसतो, त्यामुळे उथळ डाइव्हला तो नियम निभावून जातो.

आता २०० मधले हे ९० बाजूला काढा, उरले ११०. बोट तुमच्या मागे येणार असेल तर ते सगळे वापरा, पण अँकरच्या दोरीशीच परत यायचं असेल तर निम्मेच, म्हणजे १४५ ला वळायचं, मासा कितीही सुंदर दिसत असो. आणि नुकता भरलेला टँक गरम असतो, पाण्यात थंड झाला की २०० चे १९० होऊ शकतात, तेव्हा खाली उतरल्यावर गेज परत बघा आणि तोच आकडा धरा.

लाजेचं म्हणाल तर प्लॅन नेहमी ज्याला जास्त हवा लागते त्याच्यावरच करायचा असतो, त्यामुळे तुम्हाला मिनिटाला किती हवा लागते तो आकडा बडीला उडी मारायच्या आधीच माहीत हवा. तो काढायला १० मीटरला १० मिनिटं एकाच खोलीवर आरामात पोहा आणि गेज किती उतरलं ते स्लेटवर लिहा. ३० बार उतरलं तर ११ लिटरच्या टँकमधून ३३० लिटर गेले, मिनिटाला ३३, आणि तिथे प्रेशर २ बार म्हणून त्याचे निम्मे, पाण्यावरच्या हिशोबात मिनिटाला १६-१७ लिटर. पाण्यात १५० आणि १०० ला एकमेकांना खूण करायची हेही आधीच ठरवून टाका, मग सारखं सांगावं लागतंय असं वाटणारच नाही.

हवा वाचवायला श्वास मात्र अजिबात रोखू नका, कार्बन डायऑक्साइड साठून डोकं दुखतं, आणि त्यात वर सरकलात तर फुप्फुसाला इजा होते. त्यापेक्षा खाली जायला बांधतात त्या बेल्टवर वजन जास्त झालंय का, हात मारत पोहताय का ते बघा, हवा बहुतेकदा तिथेच जाते. आणि सेंटरला टँक किती लिटरचा देणार ते विचारून घ्या, १५ चा असेल तर तेवढ्याच हवेला ६५ बार पुरतात, १० चा असेल तर मात्र ९५ च्या पुढे राखायला लागतील.