गावच्या घराची तावदानं फुटली तर

दादा, तावदानं फुटल्याचा फोन आला की आधी शेजाऱ्यांकडून आतून-बाहेरून फोटो काढून घ्या. पंचनाम्याला आणि विम्याला उपयोगी पडतात. मुंबईहून निघताना फुटलेल्या खिडक्या झाकायला १२ मिमी मरीन प्लाय (पाणी सोसणारा प्लायवूड) मापाने कापूनच न्या. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळानंतर आमच्याकडे श्रीवर्धनला प्लाय मिळता मिळत नव्हता.

जाड हातमोजे घालून लटकत्या काचा वरून खाली काढत या. प्लाय चौकटीवर चारी बाजूंनी दोन इंच चढू द्या आणि स्क्रूनेच बसवा. खिळे अजिबात नकोत! ठोकताना जुनी चौकट चिरते, माझी चिरली. चौकटच निखळली असेल तर आतून आडवी फळी टाकून बोल्टने आवळा. वरच्या कडेवर ताडपत्रीची पट्टी हवीच, नाहीतर पाणी मागून झिरपतं.

एक दार मात्र कडी-कुलपावर ठेवा, सगळीच प्लायने बंद करू नका.