नवऱ्याला मधुमेह निघालाय, पथ्याचं काढलं की चिडतो. बायकोने आधार कसा द्यावा?

ताई, निदान झाल्यापासून ते गप्प असतात आणि 'गोळी घेतली का' एवढं विचारलं तरी अंगावर येतात, असं तुम्ही लिहिलंय. आमच्या घरातही मधुमेह आहे. माझे मिस्टर इथे सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात मागावर असतात, रात्रपाळी असते. मला स्वतःला बीपी आहे. माझं सांगणं एवढंच, की आजारी माणसावर पहारा ठेवला तर तो चोरून खायला लागतो. त्यापेक्षा त्याच्या आजारातलं थोडं काम आपण उचलावं, आणि आपल्या आजारातलं त्याला उचलू द्यावं.

आधी ती चिडचिड नेमकी कधी होते ते बघा. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतली आणि जेवण लांबलं, तर साखर खाली येते. घाम फुटतो, हात थरथरतात, छातीत धडधडतं आणि माणूस विनाकारण चिडतोही. अशा वेळी वाद घालू नका, साखर तपासा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांनी परत तपासा आणि मग जेवायला वाढा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना गाठा. पाळीचं काम असेल तर हे जास्त होतं, कारण डब्याची वेळ हातात राहत नाही. म्हणून गोळीची वेळ पाळीप्रमाणे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. ह्यांच्या खिशात साखरेची पुडी मी रोज ठेवते.

त्यांचं ताट वेगळं करू नका. आजारपण ताटात दिसलं की माणूस मनातून खचतो. सगळ्यांनी तेच खावं: एखादी भाकरी कमी, पालेभाजी, उसळ जास्त. ज्वारीची भाकरी चांगली, पण मधुमेहात तीसुद्धा मोजूनच. आणि 'गूळ चालतो' हे खरं नाही, गुळानेही साखर वाढतेच. घरात सासूबाई असतील तर त्या मायेने आग्रह करणार. 'आई, मला नको' हे त्यांच्या मुलानेच म्हणायला हवं. सुनेने म्हटलं की त्याचं भांडण होतं, त्याने म्हटलं की आईला पटतं. आमच्याकडे हे ह्यांनी आपणहून अंगावर घेतलं आणि माझा निम्मा ताण गेला.

आता पायांचं. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि ह्यावर कोणी बोलत नाही. मधुमेह जुना झाला की तळपायाची जाणीव कमी होते. एप्रिल-मे मध्ये आमच्याकडे पारा चाळिशीच्या पुढे असतो. सिद्धेश्वराच्या देवळात अनवाणी चालताना फरशी किती तापलीय हे अशा पायांना कळत नाही. फोड येतो, तो दुखत नाही, म्हणून राहून जातो, आणि तिथून जखम चिघळते. स्वतःचा तळवा स्वतःला नीट दिसतही नाही. म्हणून झोपण्याआधी मी ह्यांचे तळपाय आणि बोटांच्या बेचक्या बघते. भेग, फोड, लाली काही दिसलं तर दुसऱ्या दिवशी दवाखाना. त्या वेळात ते आपोआप बोलायला लागतात. पाळीभर मागाचा खडखडाट ऐकून आलेल्या माणसाला घरी आल्या आल्या काही विचारू नये. पाय हातात असताना मात्र कारखान्यातलं, पैशाचं, भीतीचं सगळं निघतं. पुरुषमाणूस 'मला भीती वाटते' असं एरवी कुठे म्हणतो?

जेवणानंतर दोघं पंधरा-वीस मिनिटं चाला, गल्लीतच चाललं तरी पुरे. जेवणानंतरची साखर त्याने खरंच कमी चढते.

पण दोन आठवडे उलटूनही ते उदास असतील, झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर त्याला स्वभाव समजू नका. मधुमेहाबरोबर नैराश्य बऱ्याच जणांना येतं आणि त्यावर उपचार आहेत. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. आमच्या इथे सिव्हिलला मानसोपचाराचे डॉक्टर आहेत, तुमच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. जगून काय करायचं असं काही त्यांच्या तोंडून आलं, तर 'जीव द्यावासा वाटतो का' असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळं होतं. मग त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

तुमच्या एवढ्या लांब प्रश्नात स्वतःबद्दल एक ओळही नाही, ताई. तुमची साखर, बीपी, हिमोग्लोबिन शेवटचं कधी तपासलं? माझ्या बीपीच्या गोळ्या संपायच्या आधी आणायचं काम ह्यांच्याकडे आहे, आणि ते चुकत नाहीत. तुमच्या ह्यांनाही असं एखादं काम सोपवा. पुढच्या वेळी त्यांचं रक्त द्यायला सकाळी उपाशीपोटी जाल, तेव्हा तुमचंही देऊन या.