शहाबादी फरशीवर ॲसिड टाकलं तर पांढरे डाग का पडतात? ती कशाने पुसावी?

शहाबादी, कोटा, कडप्पा हे चुनखडीचे दगड. संगमरवरही त्याच कुळातला, मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. त्यावर संडास धुण्याचं ॲसिड, व्हिनेगर किंवा लिंबू पडलं की बुडबुडे येतात, म्हणजे दगडच विरघळत असतो. तुम्हाला दिसतो तो पांढरा भाग डाग नाहीच, ती झिज आहे. कितीही घासलंत तरी जाणार नाही. तेवढा भाग पुन्हा पॉलिशच करून घ्यावा लागेल. म्हणून ॲसिडची बाटली फरशीपासून लांबच ठेवा, आणि ब्लीचमध्ये तर ते चुकूनही मिसळू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

रोजचं काम सोपं आहे. आधी नीट झाडून घ्या, कारण पायाखालची वाळू ओरखडे पाडते. मग कोमट पाण्यात भांड्यांच्या सौम्य लिक्विडचे थोडेच थेंब टाकून पिळलेल्या फडक्याने पुसा आणि शेवटी साध्या पाण्याचा हात फिरवा. साबण राहिला की फरशी मंद दिसते.

तेल सांडलं तर पसरवत पुसू नका, टिपून घ्या. मुरलेलं असेल तर खाण्याच्या सोड्याची घट्ट पेस्ट जाड थापा, वर प्लास्टिक लावून रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी प्लास्टिक काढून पूर्ण वाळू द्या आणि मगच झाडा. जुन्या डागाला हे पुन्हा करावं लागतं.

ग्रॅनाइट ॲसिडला फारशी दाद देत नाही, तरी त्यालाही हेच सौम्य पाणी पुरतं.