तिसरीतल्या मुलासाठी मराठी पुस्तकं कशी निवडावीत?

तुम्ही लिहिलंय की मुलगा तिसरीत आहे, शाळा इंग्रजी माध्यमाची, आणि हौसेने आणलेल्या बोधकथा नि थोर पुरुषांची चरित्रं कपाटात तशीच पडून आहेत. मग आता आणावं तरी काय? मी सांगलीत एका छोट्या वाचनालयाचा बालविभाग सांभाळते, त्यामुळे हा प्रश्न रोजचाच. आईबाबा येतात, पुस्तक उलटून बघतात आणि विचारतात, "यातून काय शिकायला मिळेल?" पोरगं तोवर खालच्या कप्प्याशी उकिडवं बसून भलतंच काहीतरी चाळत असतं. ते चाळतंय तेच द्या. माझं निम्मं उत्तर एवढंच.

शिराळ्याकडचा एक मुलगा आमच्याकडे यायचा. आईला हवं शिवचरित्र, याचा डोळा सापांच्या पुस्तकावर. नागपंचमीसाठी प्रसिद्ध असलेल्या शिराळ्याचा म्हटल्यावर त्यात नवल ते काय! आईने वैतागून एकदाचं ते नेऊ दिलं. पुस्तक मोठ्यांसाठीच होतं, पण चित्रं रंगीत आणि ठसठशीत. परत करायला आला तेव्हा घोणस आणि अजगराच्या पाठीवरचे ठिपके कसे वेगळे, हे त्याने चित्रावर बोट फिरवत मला समजावलं. एरवी साध्या वाक्याला अडखळणारा हा मुलगा 'मण्यार' आणि 'फुरसं' सपासप वाचत होता, कारण हे शब्द त्याच्या कानावर आधीच होते. आवडीच्या विषयाचा हा मोठा फायदा. सापांवरून तो जंगलाच्या गोष्टींकडे गेला, तिथून भुतांकडे. (भुतांना नाही म्हणू नका. मुलं घाबरतात आणि पुढचं पुस्तक मागायला येतात.)

विषय जमला की भाषा बघा. इंग्रजी माध्यमातली मुलं बोलायला चुरूचुरू, पण वाचताना जोडाक्षर आलं की गाडी अडते. दुकानात पुस्तकाचं मधलंच पान उघडून त्याला वाचायला सांगा. अडलेल्या शब्दागणिक एक बोट मिटायचं. पान संपायच्या आत पाचही मिटली, तर ते पुस्तक सध्या त्याने एकट्याने वाचायचं नाही. गोष्ट आवडली असेल तर घ्या आणि रात्री तुम्ही वाचून दाखवा. ऐकून त्याला बरंच पुढचं कळतं.

'फास्टर फेणे'चं असंच होतं. बाबालोकांचा फार हट्ट असतो, आम्ही वाचलं म्हणजे यानेही वाचावं. पुस्तक झकासच आहे, पण आज तिसरीतल्या पोराला ती भाषा जड जाते. वाचून दाखवलंत तर मात्र दोघांनाही मजा येईल. त्याच्या स्वतःच्या वाचनासाठी माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं बघा. घरात बोलतो तशी सरळ वाक्यं, आणि चित्रंही त्यांचीच. 'राधाचं घर' बघून तो "हे बाळांचं आहे" म्हणेल. म्हणू दे, हळूच वाचून काढेल.

मासिकाचा उपयोग लोक विसरतात. बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. कोडं सोडवलं, एक कविता वाचली आणि उठला, तरी चालतं. पुस्तकाबाबतही तेच. नाही आवडलं तर अर्ध्यात सोडू द्या, आणि वाचून झाल्यावर "तात्पर्य सांग" म्हणून बसवू नका. तेवढ्यानेही मुलं पुस्तकाला हात लावेनाशी होतात.

खरेदीआधी जमलं तर एकदा भिलारला जाऊन या. पाचगणी-महाबळेश्वरच्या मधलं हे गाव २०१७ पासून 'पुस्तकांचं गाव' आहे. गावातल्या घराघरांत विषयवार पुस्तकं मांडलेली आहेत, बालसाहित्यही आहे. तिथेच बसून वाचायचं, पैसे पडत नाहीत. तुम्ही काही सुचवू नका. तो कुठल्या पुस्तकाशी रेंगाळतो ते बघा आणि नाव टिपून घ्या. स्ट्रॉबेरीच्या हंगामात शनिवार-रविवार टाळा, पसरणी घाटातच निम्मा दिवस जायचा.