सर्दीनंतर सायनस ठणकतोय, कोणतं वनौषधी औषध निवडावं?

सर्दीला चार-पाच दिवसच झाले असतील तर घाबरू नका. असा सायनस बहुतेकदा विषाणूंमुळे होतो आणि अँटिबायोटिकशिवाय उतरतो.

रुग्णांवर नीट चाचण्या झालेली वनौषधी मोजकीच आहेत: जर्मनीतलं सिनुप्रेट (जेन्शियनचं मूळ, एल्डरची फुलं वगैरे पाच वनस्पती), पेलार्गोनियमच्या मुळाचा अर्क आणि सिनिओलच्या कॅप्सूल. सिनिओल म्हणजे निलगिरी तेलातला मुख्य घटक. पण म्हणून बाटलीतलं तेल कृपा करून पोटात घेऊ नका, ते विषारी ठरतं. लहान मुलांच्या नाकाला तर लावूच नका. ज्येष्ठमधाचा काढा रोज घेत असाल आणि रक्तदाब असेल, तर थांबवा. त्याने रक्तदाब वाढतो.

मला स्वतःला औषधाआधी नाक धुणं जास्त भरवशाचं वाटतं. पाव लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात अर्धा चमचा मीठ, दिवसातून दोनदा.

दहा दिवसांत उतार नसेल किंवा बरं वाटून पुन्हा बळावलं, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. डोळ्याभोवती सूज आली, एकाचे दोन दिसू लागले किंवा मान आखडली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.