सीएसटायमरवर १४, स्पर्धेत १८: टायमर चुकतो का?

रुबिक क्यूब वेगाने सोडवणाऱ्या एका पोराचा प्रश्न असा होता (सीएसटायमर म्हणजे ब्राउझरमध्ये सॉल्व्हची वेळ मोजणारा टायमर, ओएलएल आणि पीएलएल म्हणजे शेवटचा थर सोडवण्याचे दोन टप्पे): "मी साताऱ्याचा, अकरावीत आहे. सीएसटायमरवर माझा ॲव्हरेज १४ सेकंद येतो, पुण्याच्या स्पर्धेत १८ आला. लॅपटॉपवरचा टायमर चुकीचा दाखवतो का? आणि ओएलएल-पीएलएलच्या सरावासाठी पैसे भरून एखादं चांगलं ॲप घ्यावं का?"

ॲप बदलू नकोस, पैसेही भरू नकोस. टायमर बरोबर आहे. तू त्यातला भलताच आकडा धरून बसला आहेस.

"माझा १४ येतो" असं सांगणाऱ्या पोरांचा तो १४ म्हणजे दहापैकी नऊ वेळा बेस्ट एओ५ असतो. एओ५ म्हणजे लागोपाठच्या पाच सॉल्व्हमधली सर्वात चांगली आणि सर्वात वाईट वेळ वगळून काढलेला ॲव्हरेज. सीएसटायमर प्रत्येक सॉल्व्हनंतर मागच्या पाचांचा ॲव्हरेज नव्याने काढतो. सेशनमध्ये १००० सॉल्व्ह असतील तर असे ९९६ गट झाले, आणि ठळक अक्षरात दिसतो तो त्यातला सगळ्यात चांगला. स्पर्धेच्या एका फेरीत गट एकच मिळतो. ९९६ मधला उत्तम आणि एकातला एक यांची तुलनाच होत नाही. तुझा एओ१००, म्हणजे तसाच शंभरांचा ॲव्हरेज, किती आहे ते आधी बघ. त्यात सर्वात चांगल्या पाच आणि सर्वात वाईट पाच वेळा वगळून मधल्या ९० चा ॲव्हरेज निघतो. तो १५.५ किंवा १६ असेल, तर तुझा खरा वेग तोच.

तरी दोन-अडीच सेकंद उरतात. ते कुठे जातात यावरून आमच्याकडे बरेच दिवस वाद होता, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

सांगलीत विश्रामबागला रविवारी सकाळी काही पोरं क्यूबिंगला जमतात. त्यातलं एक मिरजेहून येणारं, नववीतलं. त्याचा बेस्ट एओ५ ११.९, आणि स्पर्धेत ॲव्हरेज आला १५.७. पोरांना शिकवणाऱ्या दुसऱ्या एका सरांचं म्हणणं ठरलेलं होतं: "घाबरलं पोरगं. रोज दोनशे सॉल्व्ह करायला लावा, भीती जाईल." माझं म्हणणं असं की भीती शेवटी मोजावी, आधी मोजता येतं ते सगळं मोजावं. पुढच्या रविवारी त्याला २५-२५ सॉल्व्हचे तीन संच करायला बसवलं.

पहिला संच घरी करतो तसाच: क्यूब स्वतः स्क्रॅम्बल करायचा (विस्कटायचा), हवं तेवढं बघायचं, स्पेसबार दाबून सुरू. ॲव्हरेज १३.६. म्हणजे ११.९ आणि १५.७ मधल्या फरकातले १.७ सेकंद इथेच गेले, कारण ११.९ हा त्याचा वेग कधी नव्हताच.

दुसऱ्या संचात स्क्रॅम्बल दुसऱ्याने केला, क्यूबवर भडंगाचा रिकामा डबा उपडा घातला, डबा उचलला की १५ सेकंदांचं इन्स्पेक्शन (सॉल्व्हआधी क्यूब नुसता बघायचा वेळ) सुरू. १४.३ आला. घरी स्क्रॅम्बल करता करता तो क्रॉसचे, म्हणजे पहिल्या टप्प्याचे, तुकडे हेरून ठेवत होता, हे त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या संचात स्टॅकमॅट, म्हणजे स्पर्धेतला हात ठेवून चालवायचा टायमर. क्यूब मॅटवर, दोन्ही तळहात टायमरवर, हिरवा दिवा, मग उचल. १४.८. हा अर्धा सेकंद कुठे गेला ते अगदी जवळून बघण्यासारखं होतं. कीबोर्डवर त्याच्या डाव्या हातात क्यूब आधीच धरलेला असायचा, अंगठा पुढच्या बाजूवर, आणि उजव्या हाताची तर्जनी स्पेसबारवर. थांबवतानाही क्यूब हातातच ठेवून बोटाच्या पेराने कुठलंही बटण दाबायचा. सीएसटायमर कुठल्याही बटणाने थांबतो. मॅटवर मात्र क्यूब उचलताना पकड वेगळी बसली, की इन्स्पेक्शनमध्ये ठरवलेली पहिली खेळी त्याला पुन्हा शोधावी लागे. शेवटी क्यूब खाली ठेवून दोन्ही हात टेकवायचे म्हणजे आणखी थोडा वेळ.

१५.७ मधून १४.८ वजा केले की उरले ०.९. भीतीच्या वाट्याला आले ते एवढेच. ३.८ सेकंदांच्या फरकातले २.९ सेकंद आम्ही खोलीत बसून दाखवून दिले, एकाही प्रेक्षकाशिवाय. दोनशे सॉल्व्ह कीबोर्डवरच केले असते तर हीच सवय आणखी पक्की झाली असती.

म्हणून तू आज सेटिंगमध्ये जाऊन हे कर. डब्ल्यूसीए (स्पर्धांचे नियम ठरवणारी जागतिक क्यूब संघटना) इन्स्पेक्शन नेहमीसाठी चालू कर आणि त्याचा आवाजही चालू कर. स्पर्धेत जज आठव्या आणि बाराव्या सेकंदाला हाक देतो. ती हाक पहिल्यांदा स्पर्धेतच ऐकली तर हात गडबडतात. सुरू करण्यासाठी बटण धरून ठेवायचा वेळ ०.५५ सेकंद ठेव, स्टॅकमॅटला तेवढाच लागतो. सॉल्व्ह चालू असताना पळते आकडे दिसणार नाहीत असं कर, पोरं शेवटच्या पीएलएलला स्क्रीनकडे बघतात. आणि वाईट सॉल्व्ह पुसून टाकणं बंद. शेवटचा थर ४५ अंशांपेक्षा जास्त वाकडा राहिला तर +२ (दोन सेकंद दंड) लाव, तुकडा निघाला आणि सुटला नाही तर डीएनएफ (सॉल्व्ह बाद) लाव. पाचांत एक डीएनएफ असेल तर तो सर्वात वाईट म्हणून वगळला जातो, दोन असतील तर अख्खा ॲव्हरेज डीएनएफ होतो. पुसणाऱ्या पोराला हा हिशोब स्पर्धेतच कळतो.

स्क्रॅम्बल सोपे येतात ही शंकाही काढून टाक. सीएसटायमरचा ३×३ चा स्क्रॅम्बल रँडम स्टेटचा (क्यूबच्या सगळ्या स्थितींतून कुठलीही एक निवडलेली) असतो, आणि स्पर्धेत वापरतात त्या टीनूडल प्रोग्रामचाही तसाच.

स्टॅकमॅट असेल तर तो लॅपटॉपला जोडता येतो. टायमरमधून वेळ आवाजाच्या सिग्नलने बाहेर येते, म्हणून केबल माइकच्या तोंडात जायला हवी. हल्लीच्या लॅपटॉपला हेडफोन आणि माइकचं एकच छिद्र असतं, त्यात साधी केबल घातली तर काहीच येत नाही, माइक वेगळा काढणारा स्प्लिटर लागतो. स्प्लिटर लावूनही आकडे उड्या मारत असतील तर विंडोजच्या माइक सेटिंगमधलं आवाज सुधारणारं आणि गोंगाट कमी करणारं सगळं बंद कर. त्या सुधारणेतच सिग्नलची वाट लागते. एवढं करायचं नसेल तर टायपिंगचा पर्याय निवड, मॅटवर वेळ घे आणि १४.३२ साठी १४३२ टाइप कर.

आता ॲपचं. एका क्लासने पोरांना पैसे भरून एक ॲप घ्यायला लावलं होतं. वर केसचं (शेवटच्या थराच्या मांडणीचं) नाव, खाली चित्र, त्याखाली अल्ग (ती सोडवायच्या खेळ्यांचा क्रम), आणि चित्र कायम एकाच बाजूने. पोरं ॲपवर सगळे २१ पीएलएल धडाधडा मारत होती आणि सॉल्व्हमध्ये जी पर्म (पीएलएलच्या केसेसना जी, टी, जे अशी अक्षरांची नावं आहेत) आला की क्यूब गरागरा फिरवत बसत होती. कारण सरळ आहे. ॲपमध्ये जी पर्मचे हेडलाइट्स (एका बाजूचे एकाच रंगाचे दोन कोपरे) नेहमी डावीकडे दाखवलेले. सॉल्व्हमध्ये ते पुढे, मागे, उजवीकडे, कुठेही येतात, आणि वर नाव लिहिलेलं नसतं. बोटांचा सराव झाला, डोळ्यांचा झालाच नाही. यासाठी पालकांकडून पैसे घेणं मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

सीएसटायमरमध्येच स्क्रॅम्बलचा प्रकार बदलून सीएफओपीच्या (क्रॉस, एफटूएल म्हणजे खालचे दोन थर, ओएलएल, पीएलएल या क्रमाच्या पद्धतीच्या) गटातलं पीएलएल निवड. खालचे दोन थर सुटलेले आणि वर सगळा एकच रंग असा क्यूब तयार होईल, आणि हव्या तेवढ्याच केसेस ठेवण्याची सोय त्यात आहे. तो स्क्रॅम्बल म्हणजे अल्ग उलटा मारलेला नसतो, त्यामुळे लावताना हाताला पुढची केस कळत नाही. जे पर्म नावाच्या यूट्यूबरच्या साइटवरचा ट्रेनरही फुकट आहे. ओळखताना गोंधळ होतो त्याच केसेस एकत्र घे: जेए-जेबी, आरए-आरबी, चारही जी. सगळ्या २१ एकदम सुरू करू नकोस.

कुठली केस आधी शिकावी याचं उत्तर मोजून मिळतं. पीएलएलच्या ७२ शक्यता धर. एक सुटलेलाच असतो. एच, एनए, एनबी प्रत्येकी एक. झेड आणि ई प्रत्येकी दोन. राहिलेल्या १६ केसेस प्रत्येकी चार. म्हणजे "अवघड आहेत" म्हणून लोक मागे ठेवतात ते चार जी पर्म मिळून ७२ पैकी १६ वेळा येतात. ते मागे ठेवणं चूकच. उलट एनए १०० सॉल्व्हमध्ये एकदाही न येण्याची शक्यता जवळजवळ चारात एक आहे, म्हणून तो नुसत्या सॉल्व्हवर टिकत नाही. आठवड्यातून एकदा ट्रेनरवर एच, झेड, ई आणि दोन्ही एन घोटून घ्यायचे.

बोटं हळू आहेत की डोळे, हे तपासायला कुठलंच ॲप लागत नाही. टी पर्म घे (आर उजवी बाजू, यू वरची, एफ पुढची, प्राइम म्हणजे उलट, टू म्हणजे दोनदा): आर, यू, आर प्राइम, यू प्राइम, आर प्राइम, एफ, आर टू, यू प्राइम, आर प्राइम, यू प्राइम, आर, यू, आर प्राइम, एफ प्राइम. चौदा खेळ्या. दोनदा केला की क्यूब होता तसा होतो, म्हणून सुटलेल्या क्यूबवर लागोपाठ दहा वेळा मार आणि एकूण वेळ घे. १६ सेकंद आले तर एकाला १.६. आता ट्रेनरवर मॅटवरून उचलून त्याच केसचा ॲव्हरेज काढ. समज ३.४ आला. मधल्या १.८ पैकी अर्धा सेकंद उचलण्या-ठेवण्याचा. उरलेला १.३ ओळखण्याचा आणि वरचा थर जुळवण्याचा. असं असेल तर आणखी वेगवान अल्ग शोधत बसण्यात अर्थ नाही, रेकग्निशन घोट. उलट दहा वेळांना २५ सेकंद लागत असतील तर दोष बोटांचा. बहुतेकांचा हात टी पर्ममध्ये एफला अडकतो, पकड सोडून मारतात.

बाकीच्या पर्मसाठी हिशोब असा: यू, ए आणि जी पर्म तीनदा केल्यावर परत येतात, म्हणून नऊ वेळा मार. राहिलेले सगळे दोनदा. इथे दोन चुका होतात. जेबीच्या शेवटचा यू प्राइम गाळून अल्ग पाठ केलेला असतो, मग दोनदा करून क्यूब जागेवर येत नाही आणि पोरगं म्हणतं अल्गच चुकीचा. आणि ए पर्मच्या सुरुवातीला एक्स रोटेशन (अख्खा क्यूब फिरवणं) असतं, ते शेवटी उलट फिरवलं नाही तर पुढची फेरी भलत्याच बाजूवर होते.

स्मार्ट क्यूब घेऊ नकोस. क्रॉस, एफटूएल, ओएलएल, पीएलएल असा वेळ तो तोडून दाखवतो हे खरं, पण स्पर्धेत चालत नाही, आणि हाताला त्याच्याच वळणाची सवय लागते. फोन पुस्तकांना टेकवून ६० फ्रेमवर शूट कर आणि हळू लावून बघ. हात थांबलेल्या ३० फ्रेम म्हणजे अर्धा सेकंद. एफटूएलच्या प्रत्येक जोडीआधी एवढा थांबत असशील तर चार जोड्यांचे दोन सेकंद झाले. १४-१५ च्या पातळीवर पूर्ण ओएलएलचे ५७ अल्ग पाठ करून त्याच्या निम्मंही मिळणार नाही असं माझं ठाम मत आहे. दहा अल्गचं टू-लूक (दोन टप्प्यांत करायचं) ओएलएल सध्या पुरेल.

एवढं सांगून झाल्यावर सरांच्या बाजूचंही लिहायला हवं. ते ०.९ खरे आहेत, आणि पहिल्याच स्पर्धेत याहून जास्त असू शकतात. हॉलमध्ये एसी असेल तर गार बोटांनी अल्ग अडकतो, त्यावर हात चोळून गरम ठेवणं एवढंच करता येतं. आणि हे सगळं १२ ते २० सेकंदवाल्यांसाठी आहे. २५ च्या वर असशील तर टायमर बाजूला ठेव आणि हळू एफटूएल कर. दहाच्या आत असलेल्यांना पूर्ण ओएलएल हवाच.

तू मोबाइलचंही विचारायला आला असशील: अँड्रॉइडवर ट्विस्टी टायमर चांगला आहे, प्रवासात तो वापर. फक्त मोबाइलची आणि मॅटची वेळ एकाच सेशनमध्ये मिसळू नकोस.

सीएसटायमरचे सगळे आकडे ब्राउझरमध्ये साठलेले असतात. घरच्या कुणी ब्राउझिंग डेटा साफ केला की हजारो सॉल्व्ह गेले. रविवारी एकदा एक्स्पोर्ट करून फाइल स्वतःला मेल कर. सीएसटायमरमध्ये "स्पर्धेसारखं" नावाचं वेगळं सेशन काढ आणि घरच्या कुणाकडून तरी स्क्रॅम्बल करून घेऊन रोज फक्त पाच सॉल्व्ह त्यात टाक. वीस दिवसांनी तिथला एओ१०० येईल. पुढच्या स्पर्धेच्या अर्जाआधी तोच बघ.